रात्रीची हजेरी

'हजर' हा शब्द मुळात अरबी. फारसीच्या वाटेने तो उर्दूत आला आणि मराठीतही. 'हाजिर'चं 'हजर' झालं, 'हाजिरी'ची 'हजेरी' झाली. 'निगाह'मधून आलेली 'निगा' तर मराठीत इतकी रुजली की, अंगणातल्या तुळशीची निगा राखणाऱ्या बाईला तो शब्द बाहेरचा वाटत नाही. 'निगरानी'ची 'निगराणी' झाली, 'खबर'मधून 'खबरदार' आला. रोज उर्दू आणि मराठी असे दोन्ही तास घेणाऱ्या माझ्यासारखीला हे शब्द ओळखीच्या मुलांसारखे वाटतात. एका तासाला भेटतात आणि घंटा झाली की दुसऱ्या तासालाही येऊन बसतात.

हे सगळे शब्द लक्ष ठेवण्याचे, पहाऱ्याचे. ते आज आठवायचं कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, मग कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि आता हिंजवडीच्या एका कंपनीत सर्व्हरवर नजर ठेवायचं काम करते. दर तीन आठवड्यांतला एक आठवडा रात्रपाळी. रात्री दहा ते सकाळी सात.

दोन वर्षांपूर्वी तिची अम्मी माझ्याकडे आली होती. चहा घेतला नाही, पाणीही अर्धंच प्यायली. म्हणाली, "टीचर, रात को लडकी बाहर रहेगी तो लोगां क्या बोलेंगे? तुम बोलो तो सुनेगी वो." मी तिला कायद्याचं सांगितलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं असेल तर तिची स्वतःची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षेची, ने-आणीची जबाबदारी मालकावर असते. कंपनीची गाडी घरापर्यंत येते, हेही तिला माहीत होतं. तिचं दुखणं वेगळंच होतं. ती म्हणाली, "मी तिला विचारते, रात्रभर काय करतेस? ती म्हणते, बघत बसते. विचारते, काय झालं? म्हणते, काहीच नाही झालं. टीचर, काहीच होत नाही तर पगार कशाचा देतात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या घरातल्या मुली-मुलांपैकी किती जण आज अशी कामं करतात, आणि आपल्याला त्यांचा साधा अर्थही सांगता येत नाही. म्हणून मी त्या मुलीकडे एका रविवारी दुपारभर बसले आणि तिच्याकडून हे काम समजून घेतलं. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं तिने शिकवलेलं आहे. या वेळी टीचर ती होती.

ज्या पोर्टलवर ती नजर ठेवते ते आपल्या पट्ट्यातल्याच कामाचं आहे. चाकण, भोसरी, तळेगाव भागातले छोटे पुरवठादार मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पाठवतात. मोठ्या कारखान्यांनी मालाचा साठा करणं कधीच सोडलं आहे. सकाळच्या पाळीला लागणारे भाग सकाळीच गेटवर यायचे, असा हिशोब. गाडी निघण्याआधी पुरवठादाराने पोर्टलवर नोंद टाकायची: कोणता भाग, किती नग, कोणती गाडी, इन्व्हॉइस नंबर. गेटवरच्या माणसाच्या स्क्रीनवर ती नोंद दिसली की गाडी आत. नाही दिसली की गाडी बाजूला. माझा धाकटा भाऊ भोसरीहून चाकणला टेम्पो चालवतो. त्याच्या तोंडी एक वाक्य कायम असतं, "आपा, माल गाडीत असतो, पण कॉम्प्युटरमध्ये नसेल तर तो नाहीच." एकदा एका कारखान्याच्या गेटबाहेर तो साडेचार तास उभा होता, कारण 'सर्व्हर डाउन'. त्या दिवशीची दुसरी फेरी बुडाली. भाड्याचे पैसे फेरीवर मिळतात, थांबण्यावर मिळत नाहीत.

हा सर्व्हर असतो कुठे? 'क्लाउड' म्हटलं की माणूस वर बघतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतली भाड्याची यंत्रं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात आपली क्लाउड केंद्रं सुरू केली, त्यांतलं एक पुण्यात, एक मुंबईत आणि एक चेन्नईत. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं. म्हणजे आपल्या भागातल्या पुरवठादाराचं बिल बहुधा आपल्याच राज्यातल्या एखाद्या थंड, कुलूपबंद हॉलमध्ये जाऊन पडतं. यंत्र भाड्याचं असल्याने काम वाढलं की आणखी यंत्रं घ्यायची, कमी झालं की सोडून द्यायची. चाकणमध्ये ऑर्डर वाढली की ठेकेदाराकडून माणसं मागवतात, तसंच. पण नवा माणूसही गेटवर आल्या-आल्या मशीनवर उभा राहत नाही. नवं यंत्र सुरू होऊन कामाला लागायला काही मिनिटं जातात. म्हणून यंत्र शंभर टक्के थकायची वाट बघायची नसते. सत्तर टक्क्यांच्या आसपासच इशारा वाजला पाहिजे.

भाड्याच्या घराचा एक नियम इथेही आहे. इमारत, वीज, गारवा, यंत्रं ही मालकाची जबाबदारी. घरात तुम्ही काय मांडलंय, गॅस बंद केलाय की नाही, हे तुम्हीच बघायचं. आपला प्रोग्रॅम नीट चालतोय का, हे क्लाउडवाला बघत नाही. त्यासाठी ही मुलगी रात्री जागते.

आता टक्केवारीचं बघू. शिक्षकाला टक्केवारी नवी नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायचं तर पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. वर्गातल्या एखाद्या मुलाची हजेरी ९९ टक्के असेल तर आपण त्याला बक्षीस देऊ. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस ठरवले आहेत. त्यांतले दोन दिवस चुकले, इतकंच. पण सर्व्हर वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे चोवीस तास शाळेत असतो. त्याची हजेरी ९९ टक्के असेल तर तो वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त काळ बंद होता. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास, महिन्याला त्रेचाळीस मिनिटं. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षाला बावन्न मिनिटं. पाच वेळा नऊ लिहायचे असतील तर वर्षभरात सव्वापाच मिनिटांची सूट.

मुलगी म्हणाली, "टीचर, त्रेचाळीस मिनिटं किती, यापेक्षा ती कधी, हे बघायचं." रात्री दोन वाजता पोर्टल त्रेचाळीस मिनिटं बंद पडलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. पहाटे साडेपाच ते सव्वासहा बंद पडलं तर पहिल्या पाळीच्या गाड्यांची रांग चाकण चौकापर्यंत यायची. कागदावर दोन्ही महिने सारखेच, ९९.९. क्लाउडवाल्यांच्या करारातही अशीच टक्केवारी असते आणि ती हुकली तर भाड्यातला काही भाग परत मिळतो. माझ्या भावाची बुडालेली फेरी त्यात कुठेच धरलेली नसते.

मग हजेरी घेतात कशी? त्यासाठी दुसरा एक प्रोग्रॅम असतो. तो ठरावीक वेळाने सर्व्हरला हाक मारतो. सर्व्हरने '२००' हा आकडा परत पाठवला की समजायचं, हजर. '५०३' आला की हजर आहे पण काम घेण्याच्या स्थितीत नाही. '५०४' म्हणजे पुढच्या माणसाने मागच्याला विचारलं आणि मागचा वेळेत बोललाच नाही. काहीच उत्तर आलं नाही तर लागोपाठ दोन-तीनदा हाक मारून बघायचं आणि मग गैरहजेरी लावायची. एका हाकेत उत्तर नाही म्हणून लगेच ओरडायचं नाही. मूल खाली वाकून पेन्सिल उचलत असेल.

हे ऐकताना मला माझा वर्ग दिसत होता. 'हजर' म्हणणारी सगळी मुलं हजर असतात का? कित्येकांचं अंग बाकावर असतं आणि मन मैदानात. काही वेळा शेजारचाच 'हजर' म्हणून मोकळा होतो. कॉलेजच्या मुलांचा त्याला खास शब्द आहे, 'प्रॉक्सी'. मजा म्हणजे सर्व्हरच्या दुनियेतही तोच शब्द आहे. खऱ्या सर्व्हरच्या पुढे एक 'प्रॉक्सी' उभा असतो, आणि कधी कधी मागचा सर्व्हर झोपलेला असताना हा पुढचा जुनंच साठवलेलं पान दाखवून 'हजर' म्हणून मोकळा होतो. म्हणून चांगला शिक्षक नाव पुकारून थांबत नाही, मध्येच उभं करून प्रश्न विचारतो. चांगली निगराणीही तशीच करावी लागते.

गेल्या रमजानमधली एक रात्र तिने मला सांगितली. सहरीची वेळ संपायला वीसेक मिनिटं होती. डब्यातली पोळी आणि खजूर तिने टेबलावर काढून ठेवले होते. पडद्यावर सगळं हिरवं. सर्व्हर दर मिनिटाला हाकेला ओ देत होता. तरी ती दर तासाला स्वतः एक काम करते. एखादा पुरवठादार करेल तसं पोर्टल उघडते आणि चाचणीच्या खात्यातून एक नोंद टाकून बघते. कुणी सांगितलेलं नव्हतं, तिची सवय. त्या वेळी पान लगेच उघडलं, नाव-पासवर्ड लिहायचे चौकोनही आले, पण नोंद टाकली की चक्र फिरतच राहायचं. हजेरीसाठी जे पान विचारलं जायचं ते डेटाबेसला हातच लावत नव्हतं, म्हणून ते आनंदाने 'हजर' म्हणत होतं. मागे डेटाबेसची दारं भरून गेली होती. रात्री सुरू झालेला एक मोठा अहवाल सगळ्या जोडण्या धरून बसला होता आणि नव्या माणसाला आत यायला जागा नव्हती. तिने वरिष्ठांना उठवलं, त्यांनी तो अहवाल थांबवला, जोडण्या मोकळ्या झाल्या. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. पहाटेची बिलं पडायला सुरुवात होते त्याच्या जेमतेम आधी पोर्टल ठीक झालं.

"आणि सहरी?" मी विचारलं.

"दोन खजूर आणि पाणी. निय्यत तर रात्रीच केली होती, टीचर."

त्या सकाळी माझा भाऊही चाकणला गेला होता. त्याला विचारलं तर त्याला काहीच आठवलं नाही. रोजच्यासारखी सकाळ होती. गेट उघडं, नोंद दिसली, गाडी आत. तिच्या अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. काहीच होत नाही, याचाच पगार देतात.

त्या रात्रीनंतर त्यांनी हजेरीची पद्धत बदलली. आता दर काही मिनिटांनी एक प्रोग्रॅम खोटी नोंद टाकतो, ती जतन झाली का बघतो आणि पुसून टाकतो. मी म्हटलं, मग दर सेकंदालाच का नाही करत? ती हसली आणि तिने यूपीआयची गोष्ट सांगितली. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं होतं, भाजीवाल्यापासून पेट्रोल पंपापर्यंत लोक मोबाइल हातात धरून उभे होते. यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था मुंबईची. तिने शोध घेतला तेव्हा निघालं की, पैसे गेले की नाही हे विचारणाऱ्या चौकश्यांचाच पूर आला होता. काही बँकांकडून जुन्या व्यवहारांचीही पुन्हा पुन्हा विचारणा होत होती. म्हणजे तब्येतीची चौकशी करणाऱ्यांनीच रोग्याला दमवलं. त्यानंतर चौकशीवर बंधनं आली. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसात पन्नासपेक्षा जास्त वेळा शिल्लक बघता येत नाही, आणि अडकलेल्या व्यवहाराची स्थिती बँकेला तीनदाच विचारता येते, तीही नव्वद-नव्वद सेकंदांच्या अंतराने. किती वेळा विचारायचं हेही ठरवावं लागतं. मुलांच्या आयांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट सरासरीची. आमच्या शाळांमध्ये सरासरीने फार नुकसान केलं आहे. वर्गाची सरासरी पासष्ट आली की अहवाल छान दिसतो आणि मागच्या बाकावरचं बारा मार्कांचं मूल त्यात बुडून जातं. सर्व्हरचंही तसंच. दहा जणांनी पोर्टल उघडलं. नऊ जणांना ते सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात उघडलं आणि दहाव्याला वीस सेकंद लागले. सरासरी येते सव्वादोन सेकंदांच्या आत. त्या आकड्याने ना नऊ जणांचं खरं सांगितलं, ना दहाव्याचं. म्हणून हे लोक सरासरीऐवजी सगळ्यांना रांगेत उभं करतात, सर्वांत लवकर काम झालेला पुढे, सर्वांत उशिराचा मागे, आणि शंभरातल्या पंचाण्णवाव्या किंवा नव्याण्णवाव्या माणसाला किती वेळ लागला हे बघतात. मागच्या बाकावरचं मूल कसं आहे, हे मुद्दाम विचारायची रीत यंत्रवाल्यांनी लावून घेतली आहे. आमच्या स्टाफरूममध्ये ती यायला हवी.

गूगलच्या इंजिनियरांनी २०१६ मध्ये या कामावर एक पुस्तक लिहिलं. त्यात चार गोष्टींवर कायम नजर ठेवा असं सांगितलं आहे: उत्तराला लागणारा वेळ, येणारी गर्दी, होणाऱ्या चुका आणि किती जागा भरली आहे. या चौघांत गर्दीचा किस्सा मला फार आवडला. तिच्या कंपनीत गर्दी अचानक घटली की इशारा वाजायचा, कारण गर्दी घटणं म्हणजे लोकांना आत येता येत नाही, असा एक अर्थ निघतो. हा इशारा दर आठवड्याला एकदा हटकून वाजायचा. बंगळुरूत बसलेल्या तिच्या टीमने बरेच दिवस त्याचा माग काढला. ही मुलगी नवीन होती. तिने विचारलं, "गुरुवारी वाजतो ना?" पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. तिचे अब्बू भोसरीत लेथ चालवायचे. लहानपणापासून तिच्या घरात बिर्याणी गुरुवारी व्हायची, कारण अब्बू त्या दिवशी घरी असायचे. जे कुठल्याच कागदात नव्हतं ते तिला घरातून माहीत होतं. त्यानंतर गुरुवारचा हिशोब वेगळा झाला, आणि पोर्टलमधले मोठे बदलही बुधवारी मध्यरात्रीनंतर करायचं ठरलं.

खोटे इशारे ही छोटी गोष्ट नाही. तिच्या सुरुवातीच्या दिवसांत एकेका रात्री साठ-सत्तर इशारे यायचे. त्यांतले बहुतेक आपोआप विझायचे. माणसाचं मन असं आहे की, रोज वाजणारा भोंगा ऐकू येईनासा होतो. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण पहिलीतच शिकवतो. म्हणून जो इशारा ऐकून माणसाने काही करायचं नाही तो वाजवूच नये, असा त्यांचा नियम आहे. जो वाजेल त्याच्यासोबत काय करायचं हे पायरी-पायरीने लिहिलेलं असतं. दहा मिनिटांत कुणी 'बघते' म्हणून बटण दाबलं नाही तर फोन आपोआप पुढच्या माणसाला जातो.

इथे मला माझे अब्बा आठवले. ते पिंपरीच्या एका कारखान्यात रात्रीचे पहारेकरी होते. त्यांच्या खांद्याला चामडी पट्ट्याने एक जड, गोल घड्याळ लटकलेलं असायचं. कारखान्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात साखळीला किल्ल्या बांधलेल्या. फेरीत तिथवर जाऊन ती किल्ली घड्याळात घालून फिरवायची, की आतल्या कागदावर वेळेसकट खूण उमटायची. सकाळी साहेब तो कागद काढून बघायचे. मागच्या कंपाउंडची तीन वाजताची खूण नसेल तर अब्बांना जाब द्यावा लागायचा. लहानपणी मला त्या घड्याळाचा राग यायचा. अब्बांवर विश्वास नाही म्हणून ते गळ्यात बांधलंय, असं वाटायचं. अब्बा म्हणायचे, "बेटा, हे माझंही साक्षीदार आहे. चोरी झाली तर मी जागा होतो हे हेच सांगेल."

त्या मुलीच्या कामातही ते घड्याळ आहे. हाक मारणारा प्रोग्रॅमच बंद पडला तर? पडदा हिरवाच राहील, कारण तक्रार करायला कुणी उरणार नाही. म्हणून तो प्रोग्रॅम दर मिनिटाला दुसऱ्या ठिकाणी 'मी आहे' असा निरोप पाठवतो. निरोप आला नाही, हाच इशारा. आणि हे दुसरं ठिकाण दुसऱ्याच इमारतीत असावं लागतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेत ॲमेझॉनची साठवणुकीची सेवा काही तास कोलमडली. त्यांचा सेवा ठीक आहेत की नाहीत हे सांगणारा फलकसुद्धा त्याच सेवेवर उभा होता, त्यामुळे बराच वेळ फलक बदलताच येईना. पहारेकऱ्याची वही चोरी झालेल्याच खोलीत ठेवली होती. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं. तेव्हाही आतली यंत्रं चालू होती, पण बाहेरच्या जगाला त्यांचा रस्ता सांगणाऱ्या पाट्याच उतरल्या होत्या, आणि दुरुस्ती करणाऱ्यांची स्वतःची साधनंही त्याच रस्त्याने जात होती. म्हणून आतून तपासायचं तसं बाहेरूनही तपासायचं. घरातला दिवा चालू आहे हे घरातल्यांना दिसतं. दार बाहेरून बंद झालंय हे रस्त्यावरच्यालाच दिसतं.

२०१७ च्या त्या घटनेत एका माणसाने आज्ञा टाइप करताना चूक केली होती. ॲमेझॉनने त्या माणसाचं नाव जाहीर केलं नाही. एकाच आज्ञेने इतकी यंत्रं बाजूला काढता येऊ नयेत, अशी सुधारणा मात्र त्यांनी केली. मुलगी सांगते, त्यांच्याकडेही मोठा बिघाड झाला की सगळे बसून लिहितात: किती वाजता काय झालं, कधी कळलं, उशिरा का कळलं, पुढे काय बदलायचं. कुणी केलं हा रकानाच नसतो. एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं की आपण पहिल्यांदा नाव विचारतो. त्या चुकीपर्यंत तो कसा पोचला, हे विचारायला वेळ नसतो. बी.एड.ला आम्हाला हेच शिकवलं होतं. वर्गात उतरायला मात्र त्याला फार वाट बघावी लागते.

आपल्याकडे हे सगळं एका दिवसात आलेलं नाही. ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ ला देशभर सुरू व्हायचं होतं, पहिल्याच दिवशी गर्दी न झेपल्याने पुढे ढकलावं लागलं आणि १ एप्रिलला सुरू झालं. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या कारखानदारालाही ई-इन्व्हॉइस काढावं लागतं. पूर्वी भोसरीच्या छोट्या शेडमधून माल निघताना चलनबुकातलं पान फाडून ड्रायव्हरच्या हातात दिलं की झालं. आता चार वेगवेगळ्या यंत्रणा 'हजर' असल्या तरच टेम्पोचं चाक फिरतं. त्यांतली एक गैरहजर असेल तर थांबतो तो टेम्पोवाला. ज्यांनी सर्व्हर बनवला ते थांबत नाहीत.

या मुलीच्या घरचं सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी सोलापूरकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. घरचे शिकलेले, मुलगा शिक्षक. सगळं पसंत पडलं, फक्त एक अट होती, रात्रपाळी सोडायची. मुलीच्या धाकट्या भावाची फी तिच्याच पगारातून जाते, अब्बू आता लेथवर उभे राहू शकत नाहीत. ती म्हणाली की, वर्षभरात दिवसपाळी मिळेल, तोवर थांबायला त्यांना विचारा. अम्मी पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी तिने चहा घेतला. मी तिला त्या रमजानच्या रात्रीचं सांगितलं, माझ्या भावाच्या टेम्पोचं सांगितलं, अब्बांच्या घड्याळाचंही सांगितलं. 'हिला पाठवूच नका' किंवा 'हिला पाठवाच', यांतलं काहीच मी म्हटलं नाही. घर त्यांचं आहे, उद्या बोलणी ऐकायची वेळ आली तर तीही त्यांच्याच वाट्याला येणार.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "याचे अब्बू पाळीला जायचे तेव्हा कुणी विचारलं नाही, रात्री काय करता म्हणून."

त्या लोकांनी थांबायला नकार दिला. बोलणी तिथेच संपली. अम्मीने आठवडाभर मुलीशी फार बोलणं केलं नाही. पुढच्या रात्रपाळीला मात्र डबा तिनेच भरला आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा दारात उभी राहिली. दुसरं स्थळ अजून आलेलं नाही, हेही खरं आहे. या गोष्टीत सगळं छान झालं, असं मी लिहिणार नाही.

आपल्या उर्दू शाळांतल्या मुलींच्या आई-वडिलांना एवढंच सांगते. हे काम शिकायला इंजिनियरची मोठी पदवी असलीच पाहिजे असं नाही. डिप्लोमा, लिनक्सची ओळख, थोडं नेटवर्किंग, कामापुरतं इंग्रजी आणि रात्री शांत डोक्याने वाचायची सवय, एवढ्यावर दार उघडतं. पाळ्या विचारा, गाडी विचारा, करारावर कुणाची सही आहे ते विचारा, दिवसपाळी कधी मिळेल ते लेखी मागा. मुलीला हेही विचारा की, काल रात्री काय बघितलंस. ती 'काहीच नाही' म्हणाली तर तिथे थांबू नका, पुढे विचारा. कुठला आकडा वर गेला, कुणाला उठवलं, कशामुळे उठवावं लागलं नाही. तिला सांगता येईल, आणि घरात कुणी विचारणारं आहे हे तिला कळेल.

मी परवा भावाला विचारलं, चाकणला काय परिस्थिती? म्हणाला, "काही नाही आपा, ट्रॅफिक. चौकात पाऊण तास."

गेटवर किती वेळ लागला, ते त्याने सांगितलंच नाही.